थेंबकाकांचं साडेपाच लिटर

सकाळच्या चहाआधी काका एक काम न चुकता करायचे. अंगणातल्या स्कूटरची ऑइलची पट्टी बाहेर ओढायची, तिच्या टोकाचा एक थेंब अंगठ्यावर घ्यायचा, तर्जनीने चोळायचा, हात उन्हाकडे धरायचा, मग नाकाशी न्यायचा आणि म्हणायचं, "हं." या "हं"चे दोन प्रकार होते. आखूड "हं" म्हणजे ऑइल ठीक आहे. लांबलचक "हंऽऽ" म्हणजे आजचा दिवस गेला. हात पुसायला त्यांच्या खांद्यावर फडकं असायचं, पण हात पुसला जायचा तो दाराच्या चौकटीला. चौकटीवर खांद्याच्या उंचीला एक काळा पट्टा उमटलेला होता. मावशी दर वर्षी चौकट रंगवून घ्यायची. रंगारी ब्रश धुवायला मागे जाऊन येईपर्यंत पट्टा परत आलेला असायचा.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. स्वतःच्या स्कूटरवर त्यांचं भागत नसे. पाहुणे चपला काढायच्या आत काका त्यांच्या मोटारीचं बॉनेट उघडून उभे असत. थेंब चोळता चोळता विचारत, "येताना चढाला जरा जड वाटली का?" डॉक्टर जसं "रात्री झोप लागते का" विचारतात, तसं. पाहुणा बिचारा घाबरून "थोडीशी" म्हणायचा. त्यावरून त्यांना सगळे थेंबकाका म्हणू लागले. हे नाव इतकं रुळलं की एका ऑइल कंपनीने नमुन्याचा डबा पाठवला तो "श्री. थेंबे यांस" म्हणून, आणि काकांनी सही करून तो निमूट घेतला.

तेहतीस वर्षं ते बस आगाराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. किती बसगाड्या त्यांच्या हाताखालून धडधाकट होऊन गेल्या याची गणती नाही. दिव्याखाली मात्र अंधार होता. घरच्या गाडीने मावशीला आयुष्यात तीनदा रस्त्यात उभं केलं होतं आणि ती तिन्ही ठिकाणं तिला तोंडपाठ होती. पहिल्यांदा लग्नानंतर आठव्या दिवशी, एका अरुंद पुलावर. दुसऱ्यांदा ती कंपाउंडरच्या परीक्षेला निघाली असताना. शेवटचा दीड मैल ती धावत गेली, पास झाली, आणि काका म्हणाले, "धावल्याने डोकं मोकळं झालं तुझं." तिसऱ्यांदा तिच्या धाकट्या भावाच्या लग्नाला जाताना. त्या लग्नाच्या एकाही फोटोत नवऱ्यामुलाची बहीण नाही.

तिन्ही वेळा चूक काकांची नव्हती. पहिल्यांदा पेट्रोलची होती, दुसऱ्यांदा रस्त्याची आणि तिसऱ्यांदा हवेची.

"यांची स्वतःची चूक अजून कारखान्यातून बाहेर पडायचीय," मावशी म्हणायची.

मावशीने एका दवाखान्यात तीस वर्षं औषधं मोजून दिली. मापाचा पेला डोळ्यांच्या रेषेत धरायचा, श्वास रोखायचा आणि ओतायचं. घरात दूधसुद्धा ती तसंच ओतायची. तिच्या हातून कधी काही सांडलं नाही, आणि तिला कधी कुणी घाईत पाहिलं नाही.

काका निवृत्त झाले आणि चौथ्या महिन्यात अंगणात बोट आली. मी तेव्हा कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला होते, त्यामुळे ती फाटकातून आत येताना मी डोळ्यांनी पाहिली. एका बंद पडलेल्या सहलीच्या ठिकाणाहून काकांनी ती मिळवली होती. लाल रंग उन्हाने गुलाबी झालेला, चार जागा, मागच्या झाकणाखाली मोटारीसारखंच इंजिन. ती दोन चाकांच्या गाड्यावर बसून आली आणि काकांनी गाड्याच्या पुढच्या टेकूखाली विटा रचून तिचं नाक उंच केलं, म्हणजे पावसाचं पाणी मागून निघून जाईल.

"ही जेट बोट," काका म्हणाले. "हिला बाहेर पंखा नसतो. पोटाखालून पाणी ओढते आणि मागे फेकते, त्या धक्क्याने पुढे पळते. गुडघाभर पाण्यातही चालते."

"गुडघाभर पाण्यात मीही चालते," मावशी म्हणाली.

"अगं, मौजेची बोट आहे."

"कुणाच्या?"

काका थोडा वेळ गुलाबी रंगावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तेहतीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली उताणा पडून होतो. म्हटलं, आता एकदा वर बसून बघावं. पुढे दोनच जागा आहेत. एक माझी." दुसरी कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. मावशीने विचारलंही नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली ती अट घेऊनच.

"एकदा बसेन. पण पाण्यात मधेच बंद पडली, तर दुसऱ्या दिवशी विकायची. आणि कारणं सांगायची नाहीत."

"आणि नाही पडली तर?"

"तर मी तिला आयुष्यात नाव ठेवणार नाही."

विकत घेणारा तयारच होता. गावाबाहेर धरणाचं पाणी होतं, तिथल्या धक्क्यावर एक राखणदार होता. बंद पडलेल्या बोटी दोरीने ओढून आणणं हे त्याचं खरं काम. या बोटीवर त्याचा आधीपासून डोळा होता. काका धक्का बघायला गेले तेव्हा दोरीचं वेटोळं नीट करत तो म्हणाला, "आणा की काका. पहिल्यांदा तुम्ही आणा, पुढचं मी बघतो."

त्या दिवसापासून काकांच्या डोक्यात एकच विचार शिरला. इंजिन त्यांनी खोलून, पुसून, पुन्हा बसवलं होतं. त्यात त्यांना शंका नव्हती. शंका ऑइलची होती. आगारात पिंपातून दाट, काळसर ऑइल यायचं, ते घालायचं, विषय संपला. इथे मात्र निवड करायची होती आणि निवड करायची त्यांना सवय नव्हती. लग्नाच्या वेळीसुद्धा एकच स्थळ आलं होतं.

ऑइलच्या दुकानात ते मला बरोबर नेत, कारण डब्यांवरचं बारीक अक्षर त्यांना दिसत नसे. दुकानदार भला माणूस होता. निदान सुरुवातीला.

"गाडीचं चालेल की काका," तो म्हणाला.

"गाडीला उतार असतो," काका म्हणाले. "सिग्नल असतो. कुणी आडवं आलं की ब्रेक लागतो. तेवढ्यात इंजिन दम खातं. बोटीला यातलं काय आहे? पाण्यात सुटली की थांबेपर्यंत ती घाटच चढत असते. ऑइल तापणार, पातळ होणार, मग धातूवर धातू."

"मग सिंथेटिक घ्या. तापलं तरी टिकतं."

दुकानदाराने एका वाटीत थोडं ओतून दाखवलं. काकांनी थेंब घेतला, चोळला, उन्हाकडे धरला. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जणू कुणीतरी भेसळीचं दूध समोर ठेवलंय.

"हे? हे इंजिनाला घालायचं की फुलझाडांना?"

"काका, गार असताना पातळ दिसतं, तेच चांगलं. किल्ली फिरवली की लगेच वरपर्यंत पोचतं. तुमच्या काळ्या ऑइलचं तापल्यावर पाणी होतं. हे आहे तसं राहतं."

"आणि सांध्यांतली जुनी गॅस्केटं? पातळ ऑइल फटी शोधत फिरतं."

"मग बदला गॅस्केटं."

काकांनी गॅस्केटं बदलली. त्यात एक महिना गेला. पुढच्या खेपेला त्यांनी नवाच मुद्दा काढला. बोट वर्षातले नऊ महिने झाकून राहणार, आत ओल धरणार, गंज चढणार. दुकानदार म्हणाला की बोटींचं वेगळं सिंथेटिक येतं, गंज धरू नये म्हणून त्यात जास्तीचं काही घातलेलं असतं. काका म्हणाले, मग हे आधी का नाही सांगितलं? दुकानदार म्हणाला, आधी तुम्ही फुलझाडांबद्दल विचारत होता.

घरात प्रयोग सुरू झाले. मावशीचे औषधाचे पाच पेले गेले. त्यांत पाच तऱ्हेची ऑइलं, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी आणि आकडा. रात्रभर ते बर्फाच्या खणात ठेवले जात.

"तुमच्या ऑइलला थंडी वाजते का ते बघायला माझं दूध बाहेर?" मावशी म्हणाली.

सकाळी खिडकीची एक जुनी काच भिंतीला टेकवून काका तिच्यावर पाच थेंब ओळीने सोडत आणि आम्ही तिघं खुर्च्या टाकून बसत. थेंब उतरत. कुठला आधी, कुठला मागे, हे मी वहीत लिहायचं. मग तेच ऑइल गरम करून पुन्हा. गार असताना आगाराचं काळं ऑइल जागचं हलत नसे आणि गरम केल्यावर सगळ्यांच्या पुढे पळे. काकांना ते पाहवत नसे. "बघ, कसं वाहवत चाललंय," ते पुटपुटत, जसं काही पोटचं पोर बिघडलं होतं. तीन नंबरचा थेंब मात्र गार असो की गरम, आपल्याच चालीने खाली यायचा.

"तो बघा," मावशी चौथ्या दिवशी म्हणाली. "त्याला काही फरक पडत नाही. शहाणा आहे." स्वयंपाकघरात दूध उतू गेलं असतं तरी ती त्या दिवशी उठली नसती.

तीन नंबर म्हणजे बोटींचं सिंथेटिक, डब्यावर दहा-चाळीस लिहिलेलं. दहा म्हणजे गारठ्यात किती सहज वाहतं आणि चाळीस म्हणजे तापल्यावर किती दम धरतं, हे काका आता पाहुण्यांना समजावून सांगत. पाहुणे येणं कमी झालं होतं. तरी निर्णय व्हायला आणखी तीन आठवडे गेले.

शेवटी मावशीनेच तोंड उघडलं. "नमनालाच घडाभर तेल झालं. आता नाटक दाखवा."

मग एका दुपारी काकांनी ऑइल भरलं. इंजिनाच्या पुस्तकाचं नेमकं ते पान पाण्याने विरघळून गेलं होतं, पण दुकानदाराने सांगितलं होतं, असल्या इंजिनाला साडेपाच लिटर लागतं. काकांनी साडेपाच ओतलं, जरा थांबले, पट्टी ओढली. खूण बरीच वर होती आणि ऑइल खूपच खाली.

"कमी आहे," ते म्हणाले.

"साडेपाच सांगितलं होतं ना?" कपडे वाळत घालता घालता मावशी म्हणाली.

"सांगणारे दुकानात बसून सांगतात. पट्टी खोटं बोलत नाही. तू तुझं औषधाचं बघ."

त्यांनी आणखी दीड लिटर ओतलं. आता ऑइल बरोबर खुणेला आलं. थेंब चोळला, उन्हाकडे धरला. आखूड "हं". इंजिन गार राहावं म्हणून नळाची नळी जोडून त्यांनी इंजिन पाच मिनिटं हळू चालवून पाहिलं. अगदी सुतासारखं चाललं. त्या संध्याकाळी काका जेवताना दोनदा स्वतःशीच हसले.

रविवारी सकाळी आम्ही तिघं धक्क्यावर पोचलो. राखणदार दोरी मांडीवर घेऊन बसलाच होता. मावशीने काकांच्या शेजारची जागा घेतली, पर्स दोन्ही हातांनी धरली आणि दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघणाऱ्या माणसासारखी समोर बघत बसली. मी मागे. काकांनी किल्ली फिरवली, बोट धक्क्यापासून हळूच सुटली, आणि मोकळं पाणी येताच त्यांनी वेगाचा दांडा पुढे ढकलला.

बोटीने नाक वर केलं आणि ती निघाली. ती पाण्यावरून जात होती की पाण्याला न कळू देता जात होती, सांगता येत नव्हतं. दोन्ही बाजूंना पाणी पांढरं होऊन मागे पडत होतं. मावशीच्या पर्सवरचा एक हात सुटला. मग दुसरा. काका समोर न बघता तिच्याकडेच बघत होते.

"पुढे बघा!" ती ओरडली, पण ती हसत होती.

पाण्याच्या मध्यावर आलो असू, तेवढ्यात इंजिनाचा आवाज घोगरा झाला. मागून निळा धूर आला, बोटीचं नाक खाली बसलं, इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. मग इतकी शांतता पसरली की बोटीच्या अंगाला लागणाऱ्या बारीक लाटा मोजता आल्या असत्या.

मावशीने पर्स पुन्हा दोन्ही हातांनी धरली.

काकांनी मागचं झाकण उघडलं, पट्टी ओढली. पट्टीवर ऑइल नव्हतं, फेस होता. साबणाच्या पाण्यासारखा, खुणेच्या कितीतरी वर.

"सिंथेटिक," काका म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं त्या दुका—" आणि थांबले. कारणं सांगायची नाहीत, असं ठरलं होतं.

मावशी उठून मागे आली. पट्टीकडे बघितलं, मग इंजिनाकडे, मग पाण्याकडे.

"अंगणात बोट कशी उभी होती?"

"गाड्यावर."

"नाक कुठे होतं?"

"वर. विटांवर."

मावशीने माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि तिरकी धरली. बाटलीतलं पाणी एका कडेला गोळा झालं. दुसरी कडा कोरडी. "पट्टी इंजिनात पुढच्या अंगाला जाते. ऑइल होतं मागच्या अंगाला. पट्टी काय खोटं बोलेल, तिच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं." तिने बाटली सरळ केली. "आता इथे सपाट पाण्यात सगळं सारखं झालं. दीड लिटर जास्त. आत जे काही फिरतं त्याने ते घुसळलं आणि झाला फेस. बाटली तिरकी धरून मी डोस मोजला असता ना, तर दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली असती."

ज्या माणसाने पाच महिने पाच थेंबांच्या मागे घालवले, त्याने साधं हे पाहिलं नव्हतं. आगारातल्या सगळ्या बस सपाट फरशीवर उभ्या असत.

काकांनी खांद्यावरचं फडकं काढलं. पट्टी पुसली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोनदा पुसली.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

मावशीने झटकन मान वळवली, जणू बोटीत चौथंच कुणीतरी बोललं होतं.

"उद्या त्याला सांगतो, ने म्हणून," काका म्हणाले. "ठरल्याप्रमाणे."

तो स्वतःच येत होता. धुराचा लोट धक्क्यावरून दिसला असावा. राखणदाराची बोट टुकटुक करत जवळ आली, दोरीचं टोक त्याच्या हातात तयार होतं आणि चेहऱ्यावर मोठं दुःख होतं.

"बंद पडली का काकू?"

काकांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मावशी बोलली.

"बंद पडायला काय झालं? मीच करायला लावली. आवाजात पाणी नीट दिसत नव्हतं."

राखणदार गोंधळला. "पण धूर दिसला ना लांबून, निळा—"

"डास फार होते."

"पाण्याच्या मध्यात?"

"म्हणून तर काढायला लावला. आता आहे का एक तरी?"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. खरंच एकही डास नव्हता. "दोरी आणली होती," तो म्हणाला.

"बघू. छान आहे हो," मावशी म्हणाली. "चांगली पिळाची आहे. उन्हात ठेवू नका, कडक होते."

तो गेला. जाता जाता चारदा मागे वळून बघत गेला. काका मावशीकडे बघत होते. त्यांनी इतक्या वर्षांत तिला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं, आणि तिला ते इतकं चांगलं जमेल अशी त्यांना कल्पना नव्हती.

"बघताय काय?" मावशी म्हणाली. "फेस बसायला किती वेळ लागतो?"

"अर्धा तास. इंजिनही निवायला हवं."

"तोवर बसू. मी म्हटलंच आहे त्याला, पाणी बघायचंय म्हणून. निदान ते तरी खरं होऊ दे."

आम्ही अर्धा तास पाणी बघितलं. फार काही नव्हतं त्यात. एक पाणकोंबडी गेली आणि काठावरचं कुणाचं तरी गुरं हाकणं ऐकू आलं. मग काकांनी हत्यारांच्या पेटीतून ऑइल उपसायचा हातपंप काढला, पट्टीच्या भोकातून त्याची बारीक नळी आत सोडली. रिकामे डबे पेटीत होतेच. डब्याच्या कडेला आतलं दिसावं म्हणून एक पारदर्शक पट्टी आणि मापाच्या रेघा होत्या. मावशीने डबा डोळ्यांच्या रेषेत धरला, श्वास रोखला. काका पंप ओढत राहिले.

"थांबा."

ते थांबले.

"अजून इतकंच. पाव. ओढा. हळू. बास."

काकांनी पट्टी पुसून आत घातली आणि बाहेर ओढली. ऑइल खुणेवर, केसाइतकंही इकडे तिकडे नाही. ते थेंब चोळायला निघाले तेव्हा मावशी म्हणाली, "चोळू नका. बसा आणि चालवा."

इंजिन सुरू झालं. थोडा वेळ धूर आला, मग तोही गेला. काकांनी बोट धक्क्याच्या दिशेने वळवली आणि अगदी जपून, वरातीच्या चालीने नेऊ लागले.

मावशीने थोडं सहन केलं. मग म्हणाली, "एवढीच पळते का ही?"

त्या रात्री विकण्याचा विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी काका चाचरत म्हणाले, "मग... त्याला काय सांगू?"

"कुणाला?" मावशी म्हणाली आणि कपबशी उचलून आत गेली.

त्यानंतर तीन वर्षं उन्हाळ्यातल्या प्रत्येक रविवारी ती दोघं पाण्यावर असत. ऑइल भरायचं काम मावशीने आपल्याकडे घेतलं, आणि तेही बोट पाण्यात उतरवल्यावरच. राखणदार सांगतो की काकू पुढे पुढे स्वतः बोट चालवायच्या आणि काका बाजूला बसून दोन्ही हातांनी पर्स धरायचे. त्याची दोरी त्यांना एकदाही लागली नाही.

चौथ्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी निघायची तयारी झाली होती. काका दाराशी खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. एक बूट बांधून झाला होता. मावशी आत होती, आणि बाहेर आली तेव्हा ते भिंतीला मान टेकवून बसलेले होते, दुसऱ्या बुटाची नाडी हातातच होती. डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल त्यांना.

मावशीने मला हे अगदी सावकाश, काही न सांडता सांगितलं. मी विचारलं, शेवटचं काय बोलले? ती म्हणाली, नेहमीचंच. ती आत किल्ली शोधत होती आणि ते बाहेरून ओरडत होते,

"टोपी घे गं! मागच्या वेळी केस तुझ्याच डोळ्यांत गेले आणि शिव्या मला."